स्पर्धा जिंकली, आता कंपनी काढायची का?

चार विद्यार्थ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. चौघंही अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. विजेच्या मोटरवर बसवायचं एक छोटं उपकरण त्यांनी बनवलंय. ते मोटरची कंपनं मोजतं आणि तिचा फिरता दांडा (शाफ्ट) पेलणारं बेअरिंग खराब व्हायला लागलं की आधीच इशारा देतं. विद्यापीठाच्या स्टार्टअप स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. आता तीन आमंत्रणं हातात आहेत. एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे, तिचं बक्षीस मोठं आणि निकाल आठ मिनिटांच्या सादरीकरणावर. दुसरी ३६ तासांची हॅकेथॉन, म्हणजे सलग बसून प्रोग्रॅम लिहायची स्पर्धा. तिसरी काही उद्योगांनी मिळून भरवलेली, तिच्यात अंतिम फेरीतल्या संघांना चालू कारखान्यात तीन महिने उपकरण लावून बघता येतं. पुढच्या वर्षी नोकरीच्या मुलाखती सुरू होतील आणि चौघांपैकी एकीला पदव्युत्तर शिक्षणासाठी जायचंय. स्पर्धा करत राहाव्यात की लगेच कंपनी नोंदवावी, असा पेच आहे.

माझी बरीच वर्षं यंत्रं बनवून विकण्यात गेली आणि त्यानंतर विद्यार्थ्यांच्या स्पर्धांमध्ये मार्गदर्शक आणि परीक्षक म्हणून बसत आलोय. माझं उत्तर असं: कंपनी आत्ता नोंदवू नका. तीनपैकी दोन स्पर्धा सोडून द्या आणि कारखान्यात उपकरण लावू देणारी तिसरी धरा. स्पर्धा निवडताना मी एकच गोष्ट बघायला सांगतो. बक्षीस मिळणारच नाही असं धरून चाला आणि मग विचारा, स्पर्धा संपल्यावर आपल्याकडे काय उरेल? सादरीकरणाच्या स्पर्धेनंतर तुमच्याकडे आणखी गुळगुळीत स्लाइड्स उरतील. हॅकेथॉननंतर घाईत लिहिलेला कोड उरेल, आणि तुमच्याकडे त्याहून चांगला कोड आजच आहे. तिसऱ्या स्पर्धेनंतर तीन महिन्यांची, खऱ्या मोटरींची, खऱ्या धुळीतली आणि खऱ्या लोडखालची मोजमापं उरतील. ती विकत घ्यायची म्हटलं तरी कुणी तुम्हाला देणार नाही.

याचा अर्थ सादरीकरणाच्या स्पर्धा निरुपयोगी आहेत असा नाही. व्यवसायाचा आराखडा लिहून परीक्षकांपुढे मांडायचा, ही पद्धत १९८४ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात सुरू झालेल्या ‘मूट कॉर्प’ स्पर्धेपासून रुळत गेली. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत विद्यार्थ्यांनी १० हजार डॉलरची स्पर्धा सुरू केली. ती पुढे ५० हजारांची आणि मग एक लाखाची झाली. १९९८ मध्ये डॅनी लेविन हा संशोधक विद्यार्थी तिच्यात उतरला. इंटरनेटवरची वाहतूक कोंडी सोडवणारी गणिती पद्धत त्यानं त्याचे प्राध्यापक टॉम लेटन यांच्यासोबत विकसित केली होती. स्पर्धेसाठी त्यांनी व्यवस्थापन शाखेचा एक विद्यार्थी सोबत घेतला. संघ अंतिम फेरीत पोचला, पण जिंकला नाही. त्याच वर्षी त्यांनी अकामाय कंपनी स्थापन केली आणि १९९९ मध्ये ती शेअर बाजारात आली. गणित त्यांच्याकडे आधीपासूनच होतं. ‘हे विकत कोण घेईल’ या प्रश्नाचं उत्तर ठराविक तारखेच्या आत कागदावर मांडायला स्पर्धेनं त्यांना भाग पाडलं, आणि व्यवसाय समजणारा एक माणूस त्यांच्या टेबलापाशी आणून बसवला. तुम्ही विद्यापीठाची स्पर्धा जिंकलात तेव्हा हा फायदा तुम्हालाही मिळाला. तोच आणखी दोनदा मिळवण्यात हशील नाही.

परीक्षकाच्या खुर्चीतून काय दिसतं तेही सांगतो. एका दुपारी दहा-पंधरा संघ येतात. प्रत्येकाला काही मिनिटं मिळतात. समोर गुणपत्रक असतं: कल्पनेचं नावीन्य, बाजाराचा आकार, संघ, सादरीकरण. परीक्षक प्रामाणिक असतात, अनुभवी असतात, पण त्यांच्यापैकी जवळजवळ कुणाच्याही मोटरी बंद पडत नसतात. मी गुण देतो तेव्हा माझ्या खिशातून काही जात नाही. म्हणून पहिल्या बक्षिसाचा अर्थ एवढाच घ्या की तुम्हाला तुमची गोष्ट नीट सांगता येते. ती कमाईच आहे, पुढे जन्मभर कामाला येईल. पण उपकरण चालतं का आणि ते कुणाला हवंय का, या दोन प्रश्नांना त्या दिवशी कुणी हातही लावलेला नाही.

यंत्राचीच परीक्षा घेणाऱ्या स्पर्धांची जात वेगळी असते. २००४ मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेनं चालकाविना गाड्यांची शर्यत मोहावीच्या वाळवंटात भरवली. मार्ग दोनशे किलोमीटरहून लांब होता आणि सगळ्यात पुढे गेलेली गाडी बारा किलोमीटरही पार करू शकली नाही. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी २१२ किलोमीटरचा मार्ग पूर्ण केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘स्टॅनली’ सात तासांच्या जरा आत पोचून पहिली आली. वाळवंटात परीक्षकांना पटवायचं नव्हतं. गाडी खडकावर अडकली की निकाल लागला, आणि का अडकली ते संघाला तिथंच कळलं. त्या शर्यतीत घडलेल्या माणसांपैकी सेबास्टियन थ्रन आणि ख्रिस अर्मसन २००९ मध्ये गूगलच्या चालकरहित गाडीच्या प्रकल्पात एकत्र आले. पुढे त्याचीच वेमो कंपनी झाली.

या शर्यतीतलं मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटणारं उदाहरण मात्र विजेत्याचं नाही. डेव्हिड हॉल आणि त्यांचा भाऊ ध्वनियंत्रणा बनवणाऱ्या वेलोडाइन कंपनीतून हौसेनं उतरले होते. २००४ च्या अनुभवानंतर हॉल यांनी ६४ लेसर असलेला फिरता लायडार, म्हणजे लेसर किरणांनी आजूबाजूच्या वस्तूंची अंतरं मोजणारं उपकरण, बनवला आणि २००५ मध्ये तो आपल्या गाडीवर लावला. गाडी शर्यत पूर्ण करू शकली नाही. पण आजूबाजूच्या प्रत्येक संघाला नेमकी याच उपकरणाची गरज आहे, हे हॉल यांनी हेरलं आणि गाडी बाजूला ठेवून लायडार विकायला घेतला. डार्पाच्याच २००७ च्या शहरी शर्यतीत शेवटपर्यंत पोचलेल्या सहापैकी पाच गाड्यांवर वेलोडाइनचा लायडार होता. स्पर्धेच्या जागी जमलेल्या लोकांना काय कमी पडतंय, ते बघायला विसरू नका. कारखान्यातले तीन महिने तुम्हाला कदाचित दाखवतील की बेअरिंगच्या इशाऱ्यापेक्षा दुसरीच एखादी मोजणी त्यांना जास्त हवी आहे.

फॉर्म्युला स्टुडंट या, विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांच्या स्पर्धेचाही इथं उल्लेख करतो, कारण अभियांत्रिकीची बरीच मुलं तिच्यातून जातात आणि तिचा व्यवसायाशी काही संबंध नाही असं समजतात. तिच्या एकूण १००० गुणांत सगळ्यात मोठा वाटा एन्ड्युरन्सचा आहे, म्हणजे लांब पल्ल्यात गाडी टिकली पाहिजे. पण उत्पादनखर्चाच्या अहवालालाही १०० आणि व्यवसायाच्या मांडणीला ७५ गुण आहेत. खर्चाच्या अहवालात बोल्टसुद्धा मोजावा लागतो. ज्यानं तो अहवाल मनापासून केलाय, त्याला पुढे उत्पादनाची किंमत ठरवताना घाम फुटत नाही. तुमच्या वर्गात असा कुणी असेल तर त्याला आजच चहाला बोलवा. तुमच्या संघात तिघं प्रोग्रॅमिंगवाले आहेत, पण उपकरणाचं आवरण कशाचं करायचं आणि ते कितीला पडेल याचा हिशेब तुमच्या सादरीकरणात कुठेच नाही.

आता उपकरणाकडे येऊ, कारण तुमच्या स्लाइडवरच्या एका आकड्यानं मला सगळ्यात जास्त काळजी वाटली: ‘९९ टक्के अचूकता’. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की बिघाड ओळखणारं संगणकी मॉडेल अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या बेअरिंग डेटावर शिकवलंय. हा डेटा चांगला आहे, जगभर वापरला जातो, आणि शिकायला तोच घ्यावा. पण तो कसा गोळा झालाय ते बघा. दोन अश्वशक्तीची एक मोटर, प्रयोगशाळेतला पक्का पाया, आणि बेअरिंगमध्ये विद्युत ठिणगीनं मुद्दाम पाडलेले ठरावीक मापाचे खड्डे. कारखान्यातलं बेअरिंग असं खराब होत नाही. ग्रीस सुकतं, धूळ शिरते, शाफ्ट किंचित तिरका बसतो आणि इजा हळूहळू पसरते. त्यातून अनेक विद्यार्थी एकाच बेअरिंगच्या नोंदीचे तुकडे करून अर्धे शिकवायला आणि अर्धे तपासायला वापरतात. मग मॉडेल बिघाड ओळखायला शिकत नाही, ते बेअरिंग ओळखायला शिकतं. ९९ टक्के तिथून येतात. तुमचं तसं झालंय का ते आजच तपासा. शिकवण्यासाठी एक बेअरिंग आणि तपासण्यासाठी पूर्ण वेगळं बेअरिंग घ्या आणि आकडा पुन्हा काढा. तो खाली आला तर घाबरू नका. तोच तुमचा पहिला खरा आकडा असेल.

आणि ९९ टक्के खरे निघाले तरी पुढचं गणित करा. एका कारखान्यात ५० मोटरी आहेत आणि उपकरण दर तासाला एकदा निर्णय देतं असं धरू. दिवसाचे १२०० निर्णय झाले. त्यातल्या एक टक्क्यात चांगल्या मोटरीला खराब म्हटलं, तर रोज १२ खोटे इशारे. पहिल्या दिवशी फिटर धावत जाईल, दुसऱ्या दिवशी चालत जाईल, आणि आठवड्याच्या आत तुमचं उपकरण बंद करून ठेवेल. परीक्षक विचारतात, अचूकता किती? कारखान्यातला माणूस विचारतो, महिन्यातून किती वेळा उगाच पळायला लावणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येईल अशी रचना करा. एका मोजणीवर इशारा देऊ नका. कंपनं काही दिवस सलग वाढत असतील तरच द्या. सेन्सर चुंबकानं लावलाय, स्क्रूनं बसवलाय की डिंकानं चिकटवलाय, याचा उच्च वारंवारतेच्या मोजणीवर मोठा परिणाम होतो, तेव्हा तेही ठरवून टाका. शेजारच्या यंत्राची थरथर जमिनीतून तुमच्या मोटरपर्यंत येते. व्हीएफडीवर, म्हणजे वेग कमी-जास्त करणाऱ्या विद्युत नियंत्रकावर, चालणाऱ्या मोटरीचा वेग बदलतो आणि त्यासोबत बिघाडाच्या सगळ्या वारंवारता सरकतात. यातलं काहीही प्रयोगशाळेत दिसत नाही, म्हणून तर ते तीन महिने मला मोलाचे वाटतात.

स्पर्धेची तारीख येईपर्यंत लोकांना भेटा. २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननं ‘आय-कोर’ हा कार्यक्रम सुरू केला. प्रयोगशाळेतलं संशोधन बाजारात नेऊ पाहणाऱ्या संघांना त्यात काही आठवड्यांत किमान शंभर संभाव्य ग्राहकांशी बोलावं लागतं. शंभर हा आकडा बघून विद्यार्थी दचकतात. पण पहिल्या दहा जणांशी बोलताना तुम्ही तुमचंच म्हणणं पटवत असता, ऐकायला त्यानंतर सुरुवात होते. तुम्ही निदान तीस जण गाठा. विद्यार्थी असणं हा इथं मोठा फायदा आहे. विक्रेत्याला फाटकावरून परत पाठवणारा मेंटेनन्स विभागाचा प्रमुखही ‘आम्ही शिकतोय, तुमच्याकडे मोटर बंद पडते तेव्हा काय होतं ते समजून घ्यायचंय’ म्हटल्यावर तासभर बोलतो. हा फायदा पदवी मिळाली की संपतो, तेव्हा आत्ताच वापरा.

काय विचारायचं यावर सगळं अवलंबून आहे. ‘असं उपकरण असेल तर तुम्हाला आवडेल का?’ हा प्रश्न कुणालाही विचारू नका. समोरचा माणूस चांगला असेल तर हो म्हणेल आणि तुमचा घात होईल. विचारा: शेवटची मोटर कधी बंद पडली? त्या दिवशी काय काय झालं? कुणाला फोन केला? किती वेळ काम थांबलं? त्यानंतर तुम्ही काही बदललं का? बेअरिंगचा अंदाज सध्या कसा घेता, तेही विचारा आणि शक्य असेल तर बघा. अनुभवी फिटर स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या आवरणावर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि सांगतो की हे दोन आठवडे जाईल. काहींकडे हातात धरायचं कंपनमापक असतं. पुष्कळ ठिकाणी कपाटात एक जादा मोटर तयार ठेवलेली असते आणि पहिली बंद पडली की अर्ध्या तासात दुसरी बसते. तुमचा खरा प्रतिस्पर्धी ती कपाटातली मोटर आहे. स्लाइडवर तुम्ही ज्या चार बड्या कंपन्यांची बोधचिन्हं लावलीत, त्यांचा नंबर नंतर लागतो. जिथं जादा मोटर स्वस्तात ठेवता येते, तिथं तुमचं उपकरण कुणी घेणार नाही, आणि ते बरोबरच आहे. जिथं ती ठेवता येत नाही, मोटर फार मोठी असते, किंवा एक पंप थांबला की सगळी प्रक्रिया थांबते आणि आतला माल वाया जातो, तिथं तुमचा ग्राहक आहे. तीस भेटींतून असे चार-पाच निघाले तरी पुष्कळ झालं. ‘जगात इतक्या कोटी मोटरी आहेत’ ही स्लाइड त्यानंतर काढून टाका.

आणखी एक गोष्ट. उपकरण वापरणारा फिटर, त्याची शिफारस करणारा अभियंता आणि पैसे मंजूर करणारा मालक ही तीन वेगळी माणसं असतात. फिटरला वाटलं की हे यंत्र आपली जागा घ्यायला आलंय, तर ते कधीच नीट चालणार नाही. त्याला आधी भेटा, त्याच्या कानाला काय कळतं ते लिहून घ्या. तुमच्या मॉडेलला शिकवण्यासाठी त्याच्याइतका जाणकार तुम्हाला मिळणार नाही.

आता कागदपत्रांचं. तुम्ही जिंकलात त्या दिवशी सभागृहात उपकरणाचं काम कितपत उघड केलंत ते आठवून लिहून काढा, कारण पेटंटच्या दृष्टीनं सार्वजनिक सादरीकरण म्हणजे प्रकटीकरण. युरोपीय पेटंटसाठी अर्ज करण्याआधी शोध जाहीर झाला, तर अगदी मोजके अपवाद सोडता तो नवा मानला जात नाही. अमेरिकेत शोधकानं स्वतः जाहीर केल्यापासून एक वर्षाची सवलत आहे. देशोदेशीचे नियम वेगळे आहेत, म्हणून विद्यापीठातल्या बौद्धिक संपदा कक्षाची या आठवड्यातच भेट घ्या. एकदा अर्ज केला की औद्योगिक संपदेच्या पॅरिस करारानुसार इतर सदस्य देशांत अर्ज करायला १२ महिने मिळतात. पुढच्या प्रत्येक सादरीकरणात उपकरण काय करतं ते मोकळेपणानं सांगा. कसं करतं ते अर्ज होईपर्यंत राखून ठेवा. परीक्षकांकडून गोपनीयतेच्या करारावर सही मागू नका, बहुतेक जण करत नाहीत.

शोधाचा मालक कोण, हाही प्रश्न त्याच भेटीत विचारा. काही विद्यापीठांत विद्यार्थ्याचा शोध विद्यार्थ्याचाच असतो. पण प्रायोजित प्रकल्पाचा निधी, संशोधन प्रयोगशाळेची महागडी उपकरणं किंवा प्राध्यापकाचा सहभाग आला की विद्यापीठाचा हक्क निर्माण होऊ शकतो. देशागणिकही फरक पडतो. स्वीडनमध्ये शोध प्राध्यापकाचा मानला जातो, तर जर्मनीनं ही पद्धत २००२ मध्ये बंद केली. तुम्ही हेच उपकरण अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून घेणार असाल तर त्याआधी लेखी उत्तर मिळवा. वेळेच्या दृष्टीनं प्रकल्प म्हणून घेणं फार सोयीचं आहे, मी तोच सल्ला देईन, फक्त आधी विचारून घ्या. स्पर्धेचे नियमही शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. काही ठिकाणी ‘बक्षीस’ म्हणून जे जाहीर होतं ते रोख नसतं. ती गुंतवणूक असते आणि तिच्या बदल्यात तुमच्या कंपनीचे शेअर जातात. ते वाईटच असतं असं नाही, पण व्यासपीठावर चेक हातात घेताना ते ठाऊक असलं पाहिजे.

चौघांमधल्या वाटणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला ती सगळ्यात निकडीची वाटते. बक्षिसाच्या आनंदात प्रत्येकी २५ टक्के असं तोंडी ठरतं. मग एक जण परदेशी शिकायला जाते, दुसरा नोकरी धरतो, आणि दोघं रात्रंदिवस राबतात. तीन वर्षांनी गुंतवणूकदार येतो आणि बघतो की अर्धी कंपनी काम न करणाऱ्यांच्या नावावर आहे. तो तिथंच थांबतो. यात कुणी लबाड नसतं, सगळे मित्रच असतात, म्हणूनच जास्त त्रास होतो. यावर रूढ उपाय व्हेस्टिंगचा आहे. शेअर चार वर्षांत काम होईल तसे हळूहळू नावावर होतात, आणि पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत जो बाहेर पडतो त्याला काही मिळत नाही. कंपनी नसली तरी हे आजच एका पानावर लिहा आणि चौघं सही करा. जी शिकायला जाणार आहे तिच्याशी आत्ताच मोकळेपणानं बोला. तिनं आजवर केलेल्या कामाबद्दल तिला काय द्यायचं ते ठरवा, तिचं नाव पेटंटच्या अर्जात शोधक म्हणून येणार असेल तर ते येऊ द्या, आणि तिला मोकळ्या मनानं जाऊ द्या. तिची जागा उत्पादन आणि खर्च समजणाऱ्याला द्या.

कंपनी कधी नोंदवायची? कुणी पैसे द्यायला तयार झालं आणि त्याला बिल हवं असेल तेव्हा. किंवा कुणाला पगारावर घ्यायचं असेल, बाहेरची गुंतवणूक येत असेल, पेटंट कंपनीच्या नावावर करायचं असेल तेव्हा. त्याआधी नोंदवलेली कंपनी दरवर्षी हिशेब, विवरणपत्रं आणि शुल्क मागते, आणि परीक्षेच्या महिन्यातही मागते.

तिसऱ्या स्पर्धेत तुमचं उपकरण चाललं, अगदी उत्तम चाललं असं धरू. तरी ते उत्पादन झालेलं नसेल. नासानं तंत्रज्ञानाची परिपक्वता मोजायला नऊ पायऱ्या ठरवल्या आहेत. विद्यार्थी स्पर्धांतली बहुतेक उपकरणं चौथ्या-पाचव्या पायरीवर असतात. तिथून पुढची चढण लांब असते आणि स्पर्धेच्या यशाचा तिथं फारसा आधार मिळत नाही. नेदरलँड्समधल्या आइंडहोवन तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचं उदाहरण माझ्या मनात कायम असतं. ऑस्ट्रेलियात डार्विनपासून ॲडलेडपर्यंत सुमारे ३००० किलोमीटरची सौर गाड्यांची शर्यत होते. २०१३ मध्ये तिच्यात अनेक आसनांच्या, व्यवहारात वापरता येतील अशा गाड्यांचा नवा गट सुरू झाला आणि या संघानं तो पहिल्याच वर्षी जिंकला. नंतरही जिंकत राहिले. त्या संघातल्या माजी विद्यार्थ्यांनी २०१६ मध्ये लाइटइयर कंपनी काढली. अभियांत्रिकी खरोखर अव्वल होती. पण विकायला आलेल्या गाडीची किंमत अडीच लाख युरोच्या घरात गेली आणि जानेवारी २०२३ मध्ये उत्पादन थांबवावं लागलं. कंपनी पुढे दुसऱ्या वाहन उत्पादकांसाठी सौर छतं बनवण्याकडे वळली. पूर्ण गाडी उभी करायला प्रचंड भांडवल लागतं, तेच ज्ञान एका भागात घालून विकायला बरंच कमी लागतं. तुमच्याकडेही हा पर्याय आहे. उपकरण, ॲप, क्लाउड, सगळं स्वतः करण्याऐवजी मोटर दुरुस्त करणाऱ्या किंवा मोटर बनवणाऱ्या एखाद्या व्यावसायिकाला फक्त मोजणीचा भाग देता येईल का, ते त्या तीस भेटींत विचारून बघा.

म्हणून उपकरणाचे एकदम हजार नग करायचा विचारही नको. आधी दहा करा, हातानं जोडलेले चालतील. त्यातले किती नग महिनाभर कारखान्याच्या उष्णतेत टिकतात ते बघा. मग पन्नास. आवरणासाठी इंजेक्शन मोल्ड, म्हणजे प्लास्टिक ओतायचा साचा, बनवायची घाई करू नका, तो खर्चिक असतो आणि नंतर एक भोक सरकवायचं झालं तरी जड जातं. वायरलेस उपकरण विकायला बहुतेक देशांत रेडिओ प्रमाणन लागतं. आधीच प्रमाणित असलेलं रेडिओ मॉड्यूल, म्हणजे बिनतारी संदेश पाठवणारा तयार भाग, वापरलंत तर पुष्कळ वेळ आणि पैसा वाचेल.

कारखान्यातली चाचणी सुरू होण्याआधी यजमान कारखान्याशी एका पानाचा मजकूर ठरवून घ्या. किती मोटरी, कोणत्या, किती दिवस. इशारा खरा ठरला असं कधी म्हणायचं: बेअरिंग उघडून बघितल्यावर इजा दिसली तर, आणि ते उघडून बघायचं कुणी. महिन्याला किती खोटे इशारे चालतील. मोजमापांचा डेटा कुणाचा आणि तुम्हाला तो संशोधनासाठी वापरता येईल का. आणि या अटी पूर्ण झाल्या तर चाचणीनंतर कारखाना किती उपकरणं, कोणत्या किमतीला ठेवून घेईल. शेवटची ओळ मागायला विद्यार्थ्यांना संकोच वाटतो, पण ती लिहायला कारखाना तयार होतो की नाही, यातच तुम्हाला हवी असलेली सगळी माहिती असते. आकडा लहान असला तरी चालेल, पण फुकट नको. तीन महिन्यांनी अटी पूर्ण होऊन निदान एका ठिकाणी पैसे मिळाले, तर दोघांनी नोकरीच्या मुलाखती सोडून पूर्णवेळ या कामाला लागावं आणि त्याच महिन्यात कंपनी नोंदवावी. अटी पूर्ण झाल्या आणि तरीही कुणी पैसे द्यायला तयार नसेल, तर चौघांनीही मुलाखती द्या. जमलं तर जिथं मोटरी आणि मेंटेनन्सशी रोज संबंध येईल अशी नोकरी निवडा, आणि कारखान्यातला डेटा नीट जपून ठेवा.